सोंग उतरवायचंच नाही : लायबाख, गणवेश आणि गाणी

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात पुण्याहून सोलापूरला जाताना दौंडच्या पुढे कानातलं ब्लूटूथ बंद पडलं आणि गाणं थेट फोनच्या स्पीकरवर सुरू झालं. ‘लाइव्ह इज लाइफ’ बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. ओपस नावाच्या ऑस्ट्रियन बँडचं, १९८४-८५ मधलं. ना-ना-ना-ना-ना करत अख्खं स्टेडियम डोलतं. बेंजो पार्टीने वरातीत वाजवलं तरी कुणाला परकं वाटणार नाही. पण माझ्या फोनवर लायबाख या स्लोव्हेनियन बँडचं लागलं होतं. गाणं तेच, चाल तीच. फक्त लय जड, खाली बुटांच्या तालावर ढोल, वर तुताऱ्या, आणि गाणारा गातच नाही, खर्जात हुकूम सोडतो.

समोरच्या आजोबांनी पेपर खाली घेतला. “मिलिटरीचं आहे का?”

“नाही हो, पार्टीचं गाणं आहे.”

“कुठल्या पार्टीचं?”

मला उत्तर सुचलं नाही. आजोबांचा प्रश्न गेली चाळीसेक वर्षं लोक या बँडला विचारतायत, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. स्लोव्हेनियात ट्रबोव्ल्ये नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. दरी इतकी अरुंद की धूर बाहेर पडावा म्हणून वीजकेंद्राला ३६० मीटर उंच चिमणी बांधावी लागली. युरोपातली सर्वांत उंच चिमणी ती. गाव पहिल्यापासून कामगार चळवळीचं. १ जून १९२४ ला इथे खाणकामगार आणि ओरयुना ही राष्ट्रवादी संघटना यांच्यात रक्तरंजित चकमक झाली होती. बरोबर छप्पन्न वर्षांनी, १ जून १९८० ला, त्याच गावच्या पोरांनी लायबाख काढला. टिटोला जाऊन महिनाही झाला नव्हता. टिटो म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या नेहरू-नासर-टिटो या त्रिकुटातला शेवटचा, युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा. स्लोव्हेनिया तेव्हा त्याच समाजवादी देशाचा भाग.

पहिली काडी नावापासूनच. लायबाख हे ल्युब्ल्याना शहराचं जर्मन नाव. ते हॅब्सबर्ग काळापासूनचं, पण लोकांच्या मनात बसलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ मध्ये इटालियन फौजांनी या अख्ख्या शहराला काटेरी तारेचं कुंपण घातलं, १९४३ मध्ये जर्मन आले. ज्या राज्याचा सगळा मोठेपणा ‘आम्ही फॅसिस्टांना हरवलं’ यावर उभा, त्या राज्यात ही पोरं लष्करी गणवेश चढवून, दंडावर काळ्या क्रॉसची पट्टी बांधून, जर्मन नावानं स्टेजवर उभी राहिली.

सप्टेंबर १९८२ मध्ये ल्युब्ल्यानात नोवी रॉक महोत्सवात गर्दीतून फेकलेली वस्तू गायक तोमाझ होस्तनिकच्या तोंडावर बसली. रक्त वाहू लागलं. त्यानं ते पुसलं नाही. हनुवटी वर, मुसोलिनीच्या थाटात, तसाच उभा राहिला. फोटो आहे, शोधून बघा. त्याच डिसेंबरमध्ये त्यानं आत्महत्या केली, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

१९८३ च्या एप्रिलमध्ये झाग्रेबला पडद्यावर टिटो आणि अश्लील फिल्म एकाच वेळी दाखवल्यामुळे कार्यक्रम मध्येच बंद पाडला गेला. आणि जूनमध्ये ती टीव्ही मुलाखत. प्रश्न आधी मागवून घेतलेले, उत्तरं लिहून आणलेली. गणवेशात ताठ बसून, चेहऱ्यावरची रेष न हलवता वाचून दाखवली. ऐकताना कळत नाही की हा पक्षाचा अहवाल आहे, नाझी पत्रक आहे की कलेवरचा निबंध. सगळ्याचे तुकडे एकत्र शिवलेले. शेवटी निवेदकाचाच तोल गेला आणि असल्या धोकादायक लोकांना कुणीतरी आवरा, असं त्यानं प्रेक्षकांनाच सांगितलं. त्यानंतर ल्युब्ल्यानात ‘लायबाख’ हे नाव वापरायलाच बंदी आली, ती १९८७ पर्यंत टिकली. डिसेंबर १९८४ मधल्या एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर नावच नव्हतं. काळा क्रॉस, जागा आणि तारीख. लोकांना कळायचं ते कळलं.

आता माझं म्हणणं. याला सगळे विडंबन म्हणतात, मला ते पटत नाही. विडंबन करणारा कुठेतरी आपल्याला डोळा मारतो. ‘मी शहाणा, तूही शहाणा, तो वरचा मूर्ख’ असा गुपचूप करार असतो. लायबाख डोळा मारत नाहीत. ‘तुम्ही फॅसिस्ट आहात का’ याला त्यांचं ठरलेलं उत्तर : हिटलर जेवढा चित्रकार होता, तेवढेच आम्ही फॅसिस्ट आहोत. घ्या, काढा अर्थ. हिटलर चित्रं तर काढायचाच.

तर मंडळी, ही कला, की चाळीस वर्षं चाललेला आगाऊपणा?

कोकणकडा

भारी धागा! यांचं ‘गेबुर्ट आइनर नात्सिओन’ ऐकाच. क्वीनचं ‘वन व्हिजन’ फक्त जर्मनमध्ये केलंय. मूळ गाणं १९८५ चं, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीनंतरचं, एकदम सद्भावनेचं. एक माणूस, एक ध्येय, एक हाडमांस, एक खरा धर्म असं चालतं ते. इंग्रजीत फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्यातून ऐकताना आपण मुठी वळून नाचतो. तेच शब्द जर्मनमध्ये, खर्जात, ढोलावर आले की पोटात गोळा येतो. मुद्दाम भेसूर केलेलं नाही हे महत्त्वाचं. जवळपास नुसतं भाषांतर केलंय. म्हणजे गोळा आधीपासून तिथेच होता का?

तो ज्या अल्बमात आहे त्या ‘ओपुस देई’च्या (१९८७) आतल्या कव्हरवर चार रक्ताळलेल्या कुऱ्हाडींचं स्वस्तिक आहे. दुकानात बघणारा म्हणणार, झालं, नाझीच. पण ते चित्र जॉन हार्टफील्डचं, १९३४ चं. हिटलर आल्यावर ज्याला जर्मनी सोडून पळावं लागलं त्या माणसानं हिटलरविरुद्ध केलेलं.

सायडिंगचा डबा

वाचलं. माझं वय झालं म्हणून असेल, पण मला यात नवं काही दिसत नाही. १९७६-७७ मध्ये लंडनची पंक पोरं स्वस्तिकाचे टी-शर्ट घालून फिरतच होती. कशासाठी, तर आईबापांना चिडवायला. आईबापांनी युद्ध पाहिलेलं, म्हणजे चिडणारच. जॉय डिव्हिजन या बँडने नाव घेतलं ते छळछावण्यांतल्या वेश्यागृहांवरून. सगळं पोरकट धक्कातंत्र. तुमचे लायबाख जरा जास्त पुस्तकं वाचलेले, एवढाच फरक.

एक साधा प्रश्न विचारतो. सोंग चाळीस वर्षं उतरवलंच नाही तर ते सोंग राहतं का? आमच्या गावच्या बोहाड्यात रावणाचं सोंग घेणारा सकाळी मुखवटा उतरवून शेतावर जायचा.

अनवाणी

डबाकाका, बोहाड्याचं उदाहरण आवडलं, पण मी जरा दुसरीकडून येते.

आपल्याकडे अलंकारात व्याजस्तुती आहे. वरून स्तुती, आतून निंदा. पण व्याजस्तुती चालते कधी, तर ऐकणाऱ्याला आतली निंदा कळते तेव्हा. नाही कळली तर ती निव्वळ स्तुती होऊन बसते. आणि भारूड घ्या. नाथ कधी भुत्या होतात, कधी वेडी, कधी जोगवा मागणारी. विंचू चावल्यावर तर अक्षरशः लोळण घेणारं पात्र. पण शेवटाकडे उतारा सांगतात. तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. मग ‘एका जनार्दनी’ आलं की सोंग संपलं. ऐकणारा निर्धास्त घरी जातो.

पाटीपेन्सिल यांनी जे लिहिलंय त्यावरून लायबाख म्हणजे शेवटचं कडवं नसलेलं भारूड. विंचू चावला, माणूस लोळतोय आणि उतारा कुणी सांगतच नाही. तुम्ही चिडता ते विंचवावर नाही, उतारा न मिळाल्यावर. त्या निवेदकाचं तेच झालं असणार. त्यानं शेवटी स्वतःच ‘एका जनार्दनी’ म्हणून टाकलं.

पाटीपेन्सिल

अनवाणी, __/\__ शेवटचं कडवं नसलेलं भारूड! मी दोन परिच्छेद खर्चून हे सांगू शकलो नव्हतो.

डबाकाका, पंकशी फरक आहे, तो पोस्टरच्या प्रकरणात दिसतो. सावकाश सांगतो, कारण मला या सगळ्यात हाच प्रसंग सगळ्यात आवडतो.

युगोस्लाव्हियात २५ मे हा टिटोचा अधिकृत वाढदिवस ‘युवा दिन’ म्हणून साजरा व्हायचा. देशभर धावत नेलेली एक मशालवजा काठी शेवटी बेलग्रेडच्या स्टेडियमवर पोचायची. टिटो गेल्यावरही हे चालूच. (वाढदिवस चालू, वाढदिवसवाला नाही.) १९८७ च्या पोस्टरचं काम स्लोव्हेनियाकडे आलं. १९८४ मध्ये लायबाखने चित्रकार आणि नाटकवाल्यांबरोबर ‘नॉये स्लोवेनिशे कुन्स्ट’ नावाचा मोठा गट उभा केला होता. त्यातल्या ‘नोवी कोलेक्टिविझेम’ या डिझाइनवाल्यांनी चित्र पाठवलं. पिळदार अंगाचा तरुण, पुढे झेपावलेला, एका हातात ती काठी, दुसऱ्या हातात झेंडा. परीक्षक खूश. युगोस्लाव्ह युवाशक्तीचं अगदी योग्य दर्शन, निवड पक्की.

चित्र छापून आल्यावर एका वाचकाला ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. ते रिचर्ड क्लाइनचं १९३६ चं नाझी चित्र होतं. पोरांनी नाझी झेंड्याच्या जागी युगोस्लाव्ह झेंडा घातला, गरुडाच्या जागी कबूतर बसवलं, बाकी चित्र जवळपास जसंच्या तसं.

देशभर गदारोळ, चौकश्या. पण गुन्हा कोणता लावणार? चित्र नाझी आहे म्हणावं, तर नाझी चित्र पाहून ‘वा, हे तर आम्हीच’ असं परीक्षक म्हणालेले. पंकचा टी-शर्ट बघून इंग्लंडची राणी कधी ‘किती छान, आमचंच’ म्हणाली नव्हती. युवा दिनाचा सोहळा १९८७ नंतर जेमतेम एकदा झाला, तोही जुन्या थाटात नाही.

तत्त्वज्ञ स्लावोय झिझेकने (तोही ल्युब्ल्यानाचाच) १९९३ मध्ये यावर लिहिलं, त्याचा गाभा असा : त्या काळच्या समाजवादी राज्यात कुणीच घोषणांवर विश्वास ठेवत नव्हतं, घोषणा देणारेही नाही. चहाच्या टपरीवर टिंगल करायला सगळ्यांना मोकळीक, कारण टिंगल करून माणूस निमूट कामावर जातो. अशा राज्याला टिंगलीची भीती नसते. त्याला भीती असते ती घोषणा त्याच्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घेणाऱ्याची.

खारीबिस्कीट

स्टुटगार्टहून लिहितेय. (मुंबईचं भगिनी शहर, १९६८ पासून, हे इथल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक कार्यक्रमात एकदा सांगितलं जातं.)

इथे राहून हा विषय निराळा दिसतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे, कला आणि शिक्षणाला सूट आहे. पण सूट कुठे संपते? २००६ मध्ये इथल्याच न्यायालयाने एका विक्रेत्याला दंड केला होता. त्याचा गुन्हा काय, तर फुली मारलेल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या स्वस्तिकांचे बिल्ले विकणं. म्हणजे नाझीविरोधी माल! २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला : विरोध स्पष्ट आणि ढळढळीत दिसत असेल तर गुन्हा नाही. कायद्याला सुद्धा शेवटचं कडवं लागतंच बघा, अनवाणी. लायबाख नेमकं तेच देत नाहीत.

आमच्या घरचा किस्सा. पहिल्या दिवाळीत दाराबाहेर रांगोळी काढली. लक्ष्मीची पावलं काढली, आणि हात सवयीनं स्वस्तिकाकडे वळला. चार ठिपके देईपर्यंत नवरा किंचाळला. पायानं पुसलं, मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी स्वस्तिक पायानं पुसलं म्हणून दिवसभर मला कसंतरी होत राहिलं. शेजारच्या आजी वर येत होत्या, त्यांना फक्त रांगोळीचा ढग दिसला. “शून,” म्हणाल्या. छान.

तर माझ्यासारखीला ‘चिन्हाचा अर्थ बघणारा ठरवतो’ हे तत्त्वज्ञान म्हणून सांगायची गरज नाही. पण ज्यांच्या घरची माणसं छावण्यांत गेली, त्यांनी दरवेळी आधी दचकायचं, मग माहिती काढायची, मग कौतुक करायचं, हा कुठला न्याय?

कोकणकडा

खारीबिस्कीट, यावर माझ्याकडे उत्तर नाही. उलट तुमच्या बाजूचाच पुरावा देतो.

पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’मध्ये नायक भ्रमात हुकूमशहा होतो, त्याच्या पक्षाचं चिन्ह म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे. सगळं फॅसिझमविरोधी, शंभर टक्के. १९८२ च्या चित्रपटात त्या हातोडा पथकासाठी खऱ्या स्किनहेड (डोकं भादरून फिरणाऱ्या) पोरांनाच घेतलं होतं. पुढे काही वर्षांनी अमेरिकेत डॅलसमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांची एक टोळी उभी राहिली, तिनं आपलं चिन्ह म्हणून तेच दोन हातोडे उचलले. नावही हॅमरस्किन्स. इथे तर गाण्यात शेवटचं कडवं होतं. खटला चालतो, भिंत पडते, सगळं आहे. घेणाऱ्यांनी फक्त हातोडे घेतले.

रामश्टाइन या जर्मन बँडचं उलट. १९९८ मध्ये त्यांनी नाझी काळातली दिग्दर्शिका लेनी रीफेन्श्टालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या फिल्ममधली दृश्यं व्हिडिओत वापरली, जर्मनीत शिव्या खाल्ल्या. मग २००१ मध्ये ‘आमचं हृदय डावीकडे धडधडतं’ असं थेट गाणं केलं. पण ताल पुन्हा कवायतीचाच. :) म्हणजे उतारा दिला तो पण परेडच्या चालीवर.

घोंगडी

मी लायबाखचा चाहता, म्हणून तक्रार करायचा हक्क मलाच. १९९५ पर्यंतचे लायबाख मला कळतात. बोस्नियाच्या युद्धात सारायेव्होत २० आणि २१ नोव्हेंबरला कार्यक्रम केले, २१ लाच तिकडे अमेरिकेत डेटनला त्या युद्धाचा शांतता करार पक्का झाला. वेढ्यात साडेतीन वर्षं काढलेल्या शहरात ‘ऑक्युपाइड युरोप नाटो टूर’ नावाने गाणी म्हणणं याला छाती लागते.

पण १९ ऑगस्ट २०१५ चं प्योंगयांग? उत्तर कोरियात जाऊन ‘साउंड ऑफ म्युझिक’ची गाणी. जगभर बातम्या, त्यावर माहितीपट. तिथल्या सरकारला परदेशी बँड आणून दाखवायचा होता, तो मिळाला. युगोस्लाव्हियात हे आरसा धरायचे तेव्हा राज्य दचकायचं. इथे राज्यानंच आरसा मागवला, भिंतीवर टांगला आणि केस विंचरले. प्रेक्षक नीट बसले, टाळ्या वाजवल्या, घरी गेले. आता यात कोण कुणाचं सोंग वापरत होतं, सांगा.

पाटीपेन्सिल

घोंगडी, प्योंगयांगबद्दल मीही गोंधळलेलोच आहे. ती गाणी तिथल्या लोकांना इंग्रजी शिकताना पाठ झालेली असतात, म्हणून निवडली, आणि नाझींपासून पळणाऱ्या कुटुंबाची गोष्ट त्या थिएटरात गायली गेली, ही गंमत मला अजून आवडते. पण गंमत आपल्याला कळली, सभागृहात किती जणांना कळली असेल? तुमचा मुद्दा अर्धा मान्य.

याच्या उलट बाजूही बघा. २०२३ च्या मार्चअखेर ते कीव्हला गाणार होते. त्याआधी त्यांनी रशिया-युक्रेन युद्धाला इतरांच्या स्वार्थासाठी चाललेलं प्रॉक्सी युद्ध म्हटलं. युक्रेनमध्ये संताप उसळला, कार्यक्रम रद्द. सोंगात असताना टिटो, नाटो, पोप सगळे अंगावर घेऊन टिकले. साध्या आवाजात एक मत दिलं आणि आपटले.

सायडिंगचा डबा

बरं, पोस्टरचं प्रकरण मला माहीत नव्हतं. ते जोरदार आहे. पंकबद्दलचं विधान अर्धं मागे घेतो.

पण मंडळी, आपल्याकडे हे चालेल का? इथे फुटपाथवरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र इंग्रजी-मराठीत, पाककृती आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या मध्ये, उघडं मांडलेलं असतं. घेणारा नाझी नसतो, ‘यशस्वी माणसाचं पुस्तक’ म्हणून घेतो. माझ्या ऑफिसात एक साहेब होते, त्यांचं कौतुक करताना लोक म्हणायचे, “एकदम हिटलर आहे, शिस्त म्हणजे शिस्त.” कौतुक बरं का. जिथे लोक दचकतच नाहीत तिथे लायबाखचं काय होणार? षण्मुखानंदात उभे केले तर लोक म्हणतील, ड्रेस छान शिवलाय, सगळे एका रेषेत उभे राहतात.

अनवाणी

काका, तुमच्या साहेबांचं वाक्य ही शुद्ध व्याजस्तुती असायला हवी होती आणि ती नुसतीच स्तुती निघाली. वर मी म्हणाले ते हेच.

घोंगडी

सोंग खरं मानण्यावरून आठवलं. १९९२ मध्ये या मंडळींनी स्वतःचं एक राज्यच जाहीर केलं. जमीन नाही, फक्त काळात असलेलं राज्य. पासपोर्टही काढले, दिसायला अगदी अस्सल. पुढे नायजेरियातून अर्जांवर अर्ज यायला लागले. लोकांना वाटलं, युरोपात जायला चालेल. शेवटी कलाकारांना सांगत फिरावं लागलं की बाबांनो, ही कला आहे, यावर प्रवास होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा डोळा मारावा लागला असेल त्यांना.

खारीबिस्कीट

हे वाचून हसले आणि मग हसू गेलं. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना समजेल.

कोकणकडा

जाता जाता. आमच्या सोसायटीच्या ३१ डिसेंबरला डीजेने ओपसचं मूळ ‘लाइव्ह इज लाइफ’ लावलं होतं. दीडशे लोक, जिन्यापर्यंत गर्दी, मी वरून व्हिडिओ काढला होता. हा धागा वाचून काल पुन्हा लावला, पोर झोपलं होतं म्हणून आवाज बंद ठेवून. सगळे एकाच ठेक्यावर उजवा हात वर करतायत, खाली घेतायत, वर करतायत. पहिल्या रांगेत सेक्रेटरी. सगळ्यात उंच हात माझ्या बायकोचा.

पाटीपेन्सिल, तुम्हाला पाठवू का? इथे नाही टाकत.